आप्पांची ओढ आणि तुमची लाल रेघ

“ताई, मी ३१ वर्षांचा. गंगापूर रोडला राहतो, अंबडला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. रोजचं जाऊन-येऊन १८ किलोमीटर. महिन्यातून दोनदा डोंबिवलीला सासुरवाडी. गाडी होंडा सिटी, २०११ची, पेट्रोल, मॅन्युअल. जीव आहे तिच्यात माझा. रविवारी पहाटे पेठ रस्त्याने सावळघाटात जातो. तिसऱ्या गियरवर आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा काटा पाच हजारांच्या पुढे गेला की इंजिनाचा आवाज बदलतो आणि गाडी नुसती पळत सुटते, तेवढ्यासाठी जातो. पण आता गाडी जुनी झाली. मागच्या जुलैत पहिण्याला ओल्या रस्त्यावर दोनदा घसरली. घरात सहा महिन्यांची मुलगी आहे, सगळे म्हणतात बदल आता. आप्पा (वडील, निफाडला द्राक्षबाग आहे) म्हणतात डिझेलच घे, पेट्रोल गाडी म्हणजे शिलाई मशीन, चढ आला की रडते. ऑफिसातले मित्र म्हणतात डिझेल म्हणजे ट्रॅक्टर, चालवायची मजा संपली समज. मी महिंद्राची थ्रीएक्सओ बघून आलो, टर्बो पेट्रोल आणि डिझेल दोन्ही. कागदावर पेट्रोलचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर, २३० न्यूटन-मीटर, डिझेलचा ३००. मग मजा डिझेलमध्येच जास्त यायला हवी ना? डिझेलला पेट्रोलची सर येते का, एकदा नीट सांगा.”
– प., नाशिक

प्रिय प.,

आधी सरळ उत्तर देते. डिझेल गाडी चालवताना अंगावर काटा येतो, माझ्या आजही येतो. पण तुम्ही ज्यासाठी रविवारी पहाटे उठता, ते डिझेलकडे नाही आणि कुठल्याही किमतीच्या डिझेल गाडीत ते मिळणार नाही. तुम्ही पेट्रोल घ्या. मात्र कुठली पेट्रोल, हा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा सोपा नाही. आणि आप्पा जे म्हणतायत ते मुळीच खोटं नाही, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. पत्र त्यांनाही वाचायला द्या.

मी डिझेलच्या वासात वाढले. वडिलांचं नाशिकच्या द्वारका चौकाजवळ पंप-नोझल दुरुस्तीचं दुकान होतं. नोझल म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारं तोंड. आग्रा रोडचे ट्रक दुकानासमोर उभे असायचे आणि शाळा सुटली की मी नोझल टेस्टरच्या शेजारी स्टुलावर बसायचे. टेस्टर म्हणजे एक हातपंप. वर दाबाचं घड्याळ, एका बाजूला नोझल आवळायचं आणि लांब दांडा खाली दाबायचा. नोझल चांगलं असलं की चर्र चर्र असा कोरडा आवाज करत ते बारीक धुकं सोडतं, आणि दांडा सोडला की टोकाला थेंबसुद्धा राहत नाही. बिघडलेलं असलं तर धुक्याऐवजी पिचकारीसारखी धार लागते, टोकाला थेंब लोंबतो. त्या धुक्यापुढे हात न्यायची मला सक्त मनाई होती, कारण एवढ्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. वडील घड्याळाकडे बघायचेच नाहीत. माझ्याशी बोलता बोलता दांडा दाबायचे, कान द्यायचे आणि सांगायचे, “हे गेलं,” किंवा “घासून बसवलं की अजून दोन वर्षं काढेल.”

नाशिककराने डिझेलला कमी लेखू नये असं मला मनापासून वाटतं. सातपूरच्या मायकोत वर्षानुवर्षं डिझेलची नोझलं आणि इंजेक्टर बनत आले. २००८मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, तरी आपण चौकाला मायको सर्कलच म्हणतो. तुम्ही बघून आलात ती थ्रीएक्सओही आपल्याच गावात बनते. तेव्हा मित्र ट्रॅक्टर म्हणतात म्हणून डिझेलवर फुली मारू नका. तिच्याकडे काय आहे आणि काय नाही ते समजून घ्या, मग ठरवा.

त्या धुक्यावरच डिझेलचा सगळा स्वभाव ठरतो. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन एकत्र होतात आणि प्लगची ठिणगी पडली की पेटतात. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. नुसती हवा आत घ्यायची, ती सोळा-सतरा पट दाबायची. दाबली की ती इतकी तापते की तिच्यात धुकं सोडल्याबरोबर आपोआप भडका उडतो. पेट्रोल इंजिनात हे दाबणं साधारण दहा-अकरा पट असतं. एवढा दाब सोसायचा म्हणून डिझेलचा पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक सगळंच जाडजूड. वर धुकं हवेत मिसळून पुरतं जळायला वेळ लागतो. वजनदार भाग आणि सावकाश जळणं, म्हणून गाडीतलं डिझेल इंजिन साडेचार-पाच हजारांच्या पुढे फिरायला राजी नसतं. तुमच्या सिटीची पूर्ण ताकद, ११८ पीएस (साधारण तेवढीच अश्वशक्ती), ६६०० आरपीएमला येते. तिथवर डिझेलचा काटा कधी पोहोचतच नाही. माझ्या वडिलांच्या टेस्टरवर नोझल दोनशे बारच्या आसपास उघडायचं, आजच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच नळीतून इंधन देण्याच्या पद्धतीत, दाब दीड-दोन हजार बारवर गेला, धुकं कितीतरी बारीक झालं, धूर आणि खडखड गेली. पण लाल रेघ, म्हणजे आरपीएमच्या घड्याळावरची इंजिनाच्या फेऱ्यांची हद्द, फारशी वर सरकली नाही.

आता तुमचे २३० आणि ३००. हे आकडे खरे आहेत, पण ते इंजिनाच्या टोकाचे आहेत. रस्त्याला जोर लागतो तो चाकाचा, आणि मध्ये गियर असतो. हिशोब सोपा आहे, कागद-पेन्सिल घ्या. ६०च्या वेगाने गाडी मिनिटाला एक किलोमीटर जाते. चाकाचा घेर धरा दोन मीटर, म्हणजे चाक मिनिटाला ५०० फेरे घेतं. डिझेल इंजिन जोरात असतं २५००वर, म्हणजे इंजिनाचे पाच फेरे झाले की चाकाचा एक. गियरने जोर पाचपट होतो. ३०० गुणिले ५, झाले १५००. तुमची सिटी घ्या. तिचा टॉर्क १४६, डिझेलच्या निम्माही नाही. पण तो येतो ४८००ला. त्याच ६०च्या वेगाला इंजिन ४८००वर ठेवेल असा खालचा गियर टाकलात तर जोर साडेनऊ पटींहून जास्त होतो, म्हणजे जवळजवळ १४००. दुपटीचा फरक गेला कुठे? गियरने खाल्ला. डिझेलचा काटा लवकर संपतो म्हणून तिला लांब गियर द्यावे लागतात, आणि लांब गियर जोर कमी वाढवतो. आणि थ्रीएक्सओचं टर्बो पेट्रोल इंजिन २३०चा टॉर्क ३७५०पर्यंत टिकवतं. साडेसात पट केलं तर १७२५. डिझेलपेक्षा जास्त. घर्षणात थोडं जातं, नेमका तसा गियर दर वेळी मिळतोच असंही नाही, पण चित्र हेच. म्हणून तिथे पेट्रोल १३० पीएसचं आणि डिझेल ११७ पीएसचं आहे. टॉर्क, तो किती आरपीएमला येतो ते आणि मधला गियर, हे तिन्ही जोडून पाहिलंत की ३००चा दबदबा राहत नाही.

मग आप्पांना चढावर डिझेल बरी का वाटते? कारण डिझेल तो जोर न ओरडता, गियर न पाडता देते. सिटीकडून तेच काढायचं तर गियर पाडा, रेस द्या, काटा वर न्या. आप्पा द्राक्षाचे क्रेट भरून मोहदरी घाट चढले असतील. मागे टनभर माल, पुढे वळण, आणि तिसऱ्याच गियरवर दीड हजार आरपीएमला गाडी कुरकुर न करता ओढतेय. पायाखाली जमीन उचलल्यासारखं वाटतं. ज्याने आयुष्यभर ओझं वाहिलं त्याच्यासाठी हाच थरार आहे, तो खरा आहे, आणि त्याची चेष्टा करणाऱ्याने भरलेली गाडी घेऊन एकदा घाट चढून यावं. आप्पांचा आनंद ओढीत आहे. तुमचा आनंद काटा लाल रेघेकडे चढत जाण्यात आहे. तुम्ही दोघं वेगवेगळ्या क्षणांबद्दल बोलताय, म्हणून भांडण मिटत नाही.

स्पर्धेच्या मैदानात डिझेल हरते असंही कुणी सांगितलं तर मानू नका. १९५२मध्ये इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत कमिन्सचं डिझेल इंजिन लावलेली गाडी पहिल्या जागेवरून सुटली होती. फ्रेड अगाबाशियन चालवत होता. पुढे टर्बोच्या तोंडात टायरच्या रबराचा भुगा अडकला आणि तिला शर्यत सोडावी लागली. १९९८ला जर्मनीत न्यूर्बुर्गरिंगची २४ तासांची शर्यत बीएमडब्ल्यूच्या ३२०डीने जिंकली. आणि फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत २००६ला ऑडीची आर१० जिंकली, साडेपाच लिटरचं बारा सिलिंडरचं डिझेल, ताकद साडेसहाशे अश्वशक्तीच्या पुढे. तिथून २०१४पर्यंत सलग नऊ वर्षं तिथे डिझेलच जिंकलं, शेवटची तीन वर्षं हायब्रिडच्या जोडीने. तेव्हा वेगाचा प्रश्न कधीच निकालात निघालाय.

पण त्या आर१०बद्दल सगळ्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली. ती गाडी शांत होती. बाकीच्या गाड्या कान फाडत यायच्या आणि ही वाऱ्याच्या सळसळीसारखी निघून जायची. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. घड्याळ तिच्या बाजूने होतं, कान नव्हते. तुमच्या पत्रात एकदाही ‘वेग’ हा शब्द नाही. किती सेकंदांत शंभर, हेही नाही. तुम्ही लिहिलंय, “इंजिनाचा आवाज बदलतो.” सिटीचं ते इंजिन विनाटर्बोचं आहे, वर जाताना व्हॉल्व्ह उघडण्याची पद्धत बदलतं, त्याचा तो आवाज. पाय जितका दाबाल तितकं आणि तेव्हाच उत्तर येतं, मध्ये कुणी नाही. टर्बो म्हणजे धुराड्यातून जाणाऱ्या वायूने फिरणारा पंखा. त्याला वेग घ्यायला क्षणभर लागतो, आणि तो क्षण पाय आणि चाक यांच्या मध्ये येतो.

तो क्षण मी एकदा फार जवळून पाहिलाय. २००९ साल, माझी पहिली डिझेल हॅचबॅक, तुमचाच सावळघाट. पुढे भाताच्या पेंढ्यांनी भरलेला टेम्पो, वळण संपल्यावर रस्ता मोकळा दिसला, मी तिसऱ्या गियरवर पाय दाबला. काटा चौदाशेवर होता. गाडी काहीच बोलली नाही. टेम्पोच्या बरोबरीला आले, पेंढा खिडकीशी घासतोय, समोरच्या वळणातून ट्रकचा दिवा दिसला आणि तेव्हा कुठे टर्बो उठला. मग अशी उसळली की स्टिअरिंग हातात हललं. ट्रकवाल्याने वेग कमी केला म्हणून मी आज हे लिहितेय. चूक गाडीची नव्हती, गियर दुसरा हवा होता. नंतर त्याच गाडीने मला शिकवलं की डिझेलला घाटात दोन हजारांच्या खाली उतरू द्यायचं नाही, वळणात शिरायच्या आधी गियर पाडून ठेवायचा, बाहेर पडताना ओढ तयार असते. ते जमायला लागलं आणि मग मला तिच्यात भरपूर मजा आली. वळणातून निघताना पाठ सीटला चिकटते, ती पकड पेट्रोलला त्या गियरवर येत नाही. पण ती मजा दोन हजार ते साडेतीन हजार एवढ्याच पट्ट्यात. पुढे दम संपतो, गियर बदलावाच लागतो. तिला चालवणं म्हणजे छोट्या छोट्या उड्या. तुम्हाला हवी आहे लांब धाव.

आणखी एक, वळणात जाणवणारं. त्याच गाडीत डिझेल इंजिन जास्त जड असतं आणि ते वजन सगळं पुढच्या चाकांवर येतं. घट्ट वळणात नाक बाहेर जायला बघतं. सिटीसारखी हलकी गाडी चालवलेल्या माणसाला हे पहिल्याच वळणात कळतं.

आता तुमच्या रोजच्या १८ किलोमीटरकडे येते. समजा तुम्ही मला म्हणालात, ताई, मला आप्पांसारखीच ओढ आवडते, तरीसुद्धा मी तुम्हाला डिझेल घेऊ दिली नसती. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं. तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी पकडणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात. ती भरली की गाडी स्वतःच जाळीत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता करून काजळी जाळते. पण त्यासाठी गाडी तापलेली हवी आणि पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळायला हवी. गंगापूर रोडवरून अंबडला जाताना तुम्हाला ती कुठे मिळणार? सिग्नल, सिंहस्थाच्या कामांचे खड्डे, मग पाथर्डी फाट्याची गर्दी. गाडी जाळायला सुरुवात करते आणि तुम्ही कारखान्याच्या गेटवर किल्ली फिरवून बंद करता. असं चार-सहा वेळा झालं की मीटरवर पिवळा दिवा.

माझ्या मावसभावाच्या गाडीचं असंच झालं. घर ते दुकान सहा किलोमीटर. दिवा लागला, त्याने दुर्लक्ष केलं, वर्कशॉपमध्ये नेली तर जाळी साफ करून दिली, महिन्याने परत तेच. मी एकदा सहज बॉनेट उघडून ऑइलची कांडी काढली. ऑइल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर होतं, पातळ, आणि नाकाशी नेलं तर डिझेलचा वास. काजळी जाळण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल पूर्ण न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरत होतं. अशा ऑइलवर इंजिन झिजतं. ऑइल बदललं आणि त्याला सांगितलं की आठवड्यातून एकदा सिन्नरपर्यंत जाऊन ये. गाडी धडधाकट होती, तिला तिच्या कामाचं काम मिळत नव्हतं. डोंबिवलीच्या दोन फेऱ्या तुमची जाळी थोडीफार साफ ठेवतील, पण मधल्या दोन आठवड्यांत तुम्ही मीटरकडे बघत गाडी चालवाल. आप्पा निफाडहून रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरत असतील तर त्यांनी डिझेल जरूर घ्यावी, त्यांच्या कामाला तीच शोभते.

पैशांचं थोडक्यात. २०१२च्या आसपास पंपावर पेट्रोल आणि डिझेलच्या भावात जी दरी होती ती २०१४च्या ऑक्टोबरमध्ये डिझेलचे दर मोकळे झाल्यापासून आटली. डिझेल गाडी घेताना महाग, आरटीओचा करही आपल्या राज्यात पेट्रोलपेक्षा जास्त. तुमच्या महिन्याच्या फिरण्यात तो फरक वसूल व्हायला फार वर्षं जातील. हिशोबासाठी डिझेल घ्यायचे दिवस तुमच्यासारख्यांचे राहिले नाहीत.

तेव्हा पेट्रोल. पण थांबा, टर्बो पेट्रोलवर लगेच सही करू नका. तुम्हाला कुणी सांगणार नाही ते सांगते. ते टर्बो पेट्रोल इंजिन दीड हजार आरपीएमलाच पूर्ण टॉर्क देतं, म्हणजे त्याने डिझेलचीच चाल उचललीय. शोरूमच्या फेरीत पहिला धक्का बसला की माणूस खूश होतो. घाटात वर नेऊन बघितलंत तर मधे दणकट आणि शेवटच्या हजार-दीड हजारात उत्साह कमी, असं बऱ्याच टर्बो पेट्रोलचं असतं. वेगवान तुमच्या सिटीपेक्षा नक्कीच. पण तो आवाज बदलायचा क्षण तिथे असेलच असं नाही. म्हणून यादीत तिसरी गाडी घाला, होंडा एलिव्हेट, मॅन्युअल. तिचं दीड लिटरचं विनाटर्बोचं इंजिन, १२१ पीएस, पूर्ण ताकद ६६००लाच, तुमच्या सिटीच्या घराण्यातलं. टॉर्क फक्त १४५, आप्पा नाक मुरडतील. पण खाली मोकळी जागा २२० मिलिमीटर, निफाडच्या बांधावरून आणि बागेतल्या वाटेवरून बिनघोर जाईल. उंच गाडी वळणात थोडी झुकते, सिटीची चपळाई तिच्यात पूर्ण नाही मिळणार, हेही आत्ताच सांगून ठेवते. आजची सिटीही त्याच इंजिनाची मिळते, मन तिकडेच ओढत असेल तर तीही चालवून बघा.

तिन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा. शोरूमवाला चौकापर्यंत नेऊन आणतो, तेवढ्याने काही कळत नाही. आदल्या दिवशी फोन करून सांगा की मला चढ हवा, तासभर हवा. नाहीच म्हणाले तर त्या मॉडेलची गाडी दिवसभर भाड्याने मिळते का बघा, लाखो रुपयांच्या निर्णयापुढे ते भाडं काहीच नाही. श्रावणात आणि शनिवार-रविवारी त्र्यंबक रस्त्याला जाऊ नका, गर्दीत काही समजणार नाही. मधल्या वाराला सकाळी सातला निघा.

गाडीत आप्पा हवेत, वहिनी हव्यात, डिकीत थोडं सामान. एकट्याने रिकामी गाडी चालवलीत तर ती फक्त रविवारची गाडी होईल. चढावर तिसऱ्या गियरवर काटा दीड हजारावर आणा आणि पाय पूर्ण दाबा. इथे डिझेल जिंकेल, टर्बो पेट्रोल मागोमाग येईल, एलिव्हेट मागे राहील. आप्पांकडे बघा, त्यांचा चेहरा खुलेल. पुढे रस्ता मोकळा आणि सरळ दिसेल तिथे दुसऱ्या गियरवर काटा शेवटपर्यंत जाऊ द्या. वेगावर मात्र लक्ष ठेवा, घाट शर्यतीसाठी नाही. इथे बोलू नका, गाणी बंद, एसीचा पंखा बंद, खिडकी दोन बोटं उघडी, आणि ऐका. ज्या गाडीत तुम्हाला गियर बदलावासा वाटणार नाही, ती तुमची. मग किल्ली आप्पांच्या हातात द्या, परतीचा रस्ता त्यांना चालवू द्या. गाडी तुमची असली तरी निफाडच्या फेऱ्यांना ती त्यांच्याही हाताखाली येणार आहे, आणि ज्या माणसाला गाडी कळते त्याला न विचारता गाडी घरात आणू नये.

डोंबिवलीचंही बघा. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला. बोगद्यातून आठेक किलोमीटर गेलात की कसारा घाट लागतच नाही. त्या रस्त्यावर एका गियरवर गाडी चाललेली असते, तिथे डिझेल खरोखर राणीसारखी जाते आणि लेक मागच्या सीटवर निवांत झोपते. पण महिन्यातून दोनदा मिळणाऱ्या त्या सुखासाठी उरलेले दिवस जाळीची काळजी करायची का, एवढं वहिनींशी बोलून ठरवा. एलिव्हेटमध्येही लेक झोपेलच.

आणि सिटी विकायच्या आधी, अगदी या आठवड्यात, एक काम करा. पहिण्याला ती दोनदा घसरली असं लिहिलंयत. जुन्या गाडीला दोष द्यायच्या आधी टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात ते वाचा. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, शेवटचे दोन म्हणजे साल. २३१६ असेल तर टायर २०१६च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. वापर कमी असला की नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. नखाने दाबून बघा, दबलं नाही आणि कडेला बारीक चिरा दिसल्या तर चारही टायर बदला. नवी गाडी यायला दोन महिने लागतील, तोवर लेकीला याच गाडीतून न्यायचंय.